आबासाहेबांची आठवी टर्म

४ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. वही शाळेची, कोरी हजेरीवही. ह्यांच्या पेटीत अजून चार आहेत. हे छत्तीस वर्षं शाळेत क्लार्क होते, पण वह्या ढापलेल्या नाहीत. नमुना बदलला म्हणून जुन्या निकालात निघाल्या, आणि हेडमास्तरांनी लेखी परवानगी देऊन ह्यांना दिल्या. तो परवानगीचा कागदही पेटीत आहे. ह्यांचं सगळं असं.

लिहायचं कारण, या वर्षी मी दिल्लीला जाणार. परत आल्यावर बायका विचारतील, तेव्हा तारखेनिशी सांगता आलं पाहिजे.

संकल्प: मिश्री बंद. (संसदेच्या गॅलरीत बसून थुंकणार कुठे?) हिंदी सुधारायची. गुडघ्यांना जिन्याची सवय लावायची.

५ फेब्रुवारी

मिश्री सकाळी एकदाच लावली. एकदम सोडली की डोकं धरतं. टप्प्याटप्प्यानं.

८ फेब्रुवारी

सगळं एकदा नीट मांडून ठेवते.

आबासाहेब आमचे खासदार. सात वेळा निवडून आले, मध्ये दोनदा पडले. ह्यांच्या वर्गातले, एका बाकावरचे. पहिल्यांदा आले तेव्हा वय पंचवीस, म्हणजे उभं राहायला कमीत कमी लागतं तेवढंच. अख्ख्या सभागृहात सगळ्यात लहान. पेपरात फोटो आला होता, मिशीही नीट फुटलेली नव्हती. आता मे महिन्यात निवडून आले की आठवी टर्म.

माझ्याकडे दुसरी एक वही आहे. तिच्यात सगळ्या जुन्या खासदारांची यादी: नाव, राज्य, जन्म, किती वेळा. सोळा वर्षं कात्रणं कापून केली आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण हे शाळेतून शिळे पेपर घरी आणायचे आणि मी ते वाचायचे, तीच माझी पुढची शाळा. यादीप्रमाणे आठ टर्मवाले दोघं होते. एक गेल्या वर्षी वारले. दुसऱ्यांनी आता उभं राहणार नाही म्हणून सांगितलं. खालोखाल पूर्वेकडचे एक वकील आहेत, पंच्याहत्तर वर्षांचे. ते या वेळी आले तर त्यांची सातवी.

नवीन सभागृह भरतं तेव्हा अध्यक्ष निवडलेला नसतो. मग जो सगळ्यात जास्त वेळा निवडून आलाय त्याला हंगामी अध्यक्ष करायची रीत आहे. बाकी सगळ्यांना शपथ तो देतो. चार दिवसांचं काम, पण खुर्ची तीच. बरोबरी झाली तर वयानं मोठा तो आधी, असं वाचनालयाचे ग्रंथपाल सांगतात. आबासाहेबांना बरोबरीची भानगडच नाही. टर्म आठ, वय शहात्तर. दोन्हीकडून पहिले.

ह्यांच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमाला आबासाहेब आले होते. भर सभेत, माइकवर म्हणाले की, अजिनाथ, एक दिवस मी सभागृहात सगळ्यात सीनिअर होईन आणि त्या खुर्चीत बसेन. त्या दिवशी वरच्या गॅलरीत दोन जागा तुझ्या आणि वहिनींच्या. टाळ्या पडल्या. ह्यांनी मान खाली घातली. मी त्याच आठवड्यात यादी सुरू केली.

हे जाऊन तीन वर्षं झाली. पण जागा दोन सांगितल्या होत्या, त्यातली एक माझीच आहे.

९ फेब्रुवारी

एक राहिलं. हे आज असते तर चौऱ्याहत्तरचे असते. आबासाहेब शहात्तर. तरी एकाच वर्गात, एकाच बाकावर. आबासाहेब बहुतेक दोनदा नापास झाले असावेत. हे मात्र म्हणायचे की आबा माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान. मी शिमग्याचा, तो वैशाखातला. कागदावर दोघांचीही जन्मतारीख एक जून. आमच्या गुरुजींनी अख्खा गाव एक जूनला जन्माला घातला आहे. सालाचं काय ते मी विचारलं नाही. मोठ्या माणसांचं नापास होणं उकरू नये.

१४ फेब्रुवारी

शेजारच्या लंकाबाईला दिल्लीचं सांगितलं. तिला सीनिअर म्हणजे काय ते समजावलं. वय वेगळं आणि सेवा वेगळी. जो जास्त वेळा निवडून आला तो सीनिअर. लंकाबाई म्हणाली, व्हय का, मग माझा कुकर तीस वर्सं सेवेत हाय, दोनदा शिट्टी बदलली, त्याला कुणी दिल्लीला न्हाई नेला.

तिला वाचनाची आवड नाही, म्हणून असं होतं.

वर म्हणाली, बाई, आबासाब तुमच्या ह्यांच्या मातीला आलं हुतं का? म्हटलं, अधिवेशन चालू होतं. दहाव्याला? तेव्हाही अधिवेशन. ती म्हणाली, लई लांबीचं अधिवेशन म्हनायचं.

शोकपत्र आलं होतं, ते तिला काढून दाखवलं. त्यात ‘कै. अर्जुनराव’ असं छापलंय. टायपिस्टची चूक. लंकाबाईला वाचता येत नाही, हे बरं.

२७ फेब्रुवारी

साडी घेतली. मोरपंखी, काठ बारीक. दुकानदार पांढऱ्यातली दाखवायला लागला. त्याला म्हटलं, टीव्हीवर पांढरं फाकतं.

जिन्याची सवय: वाचनालयाच्या पायऱ्या अकरा आहेत. सातव्यावर बसले. उद्या नऊ.

मिश्री तीनदा.

९ मार्च

पेपरात आलंय की आबासाहेबांच्या पक्षानं नियम केला: पंच्याहत्तरीच्या पुढं तिकीट नाही.

बातमी दोनदा वाचली. पेपर नेहमीसारखा घडी करून मागचं पान वर करून ठेवला. हे मागून वाचायचे, आधी क्रिकेट. अजून हात तसाच घडी करतो.

१० मार्च

विचार केला. नियम नवख्यांना असणार. आठव्या टर्मच्या माणसाला कोण वय विचारतो? देवळातल्या पुजाऱ्याला कुणी तिकीट मागतं का?

१५ मार्च

मागतात म्हणे. शेजारच्या जिल्ह्यातल्या सहा टर्मच्या खासदारांना बसवलं. त्यांचं सत्त्याहत्तर होतं.

आबासाहेबांना पत्र लिहिलं. धीर सोडू नका, तुमची सेवा पाहून अपवाद होईल, यादीची एक प्रत जोडत आहे. खाली ‘कै. अजिनाथ यांची पत्नी’ असं लिहिलं म्हणजे ओळख पटेल.

२० मार्च

गाडी आली! पांढरी, मोठी, काळ्या काचांची. गल्लीत मावेना, दळणाच्या गिरणीपाशी लावली. सगळी गल्ली दारात.

आबासाहेब नव्हते, त्यांचे पीए रविराज आले होते. तिशीचा मुलगा, पाया पडला, काकू म्हणाला. शाल आणली, पेढे आणले. मी चहा टाकला आणि आतून विचारलं की दिल्लीला गाडीनं जायचं का रेल्वेनं. तो म्हणाला, अं? मग म्हणाला, हो हो, ते बघू की काकू.

मग त्यानं फाईल काढली. आत शाळेच्या जनरल रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स. प्रवेशाच्या नोंदी, आबासाहेबांचं नाव, एक जून, आणि सालातला शेवटचा आकडा खोडून त्यावर दुसरा. दोन वर्षं मागं सरकवलेला. बाजूला लहान सही. ती सही मी झोपेतही ओळखीन.

रविराज म्हणाला, काकू, साहेब खरे चौऱ्याहत्तरचे. क्लार्कच्या हातून चूक झाली, दोन वर्षं जास्त पडली, आणि पन्नास वर्षं साहेब बिचारे त्या चुकीचं ओझं वाहतायत. तुम्ही एवढं लिहून द्यायचं की ही चूक काकांच्याकडून अनवधानानं झाली, असं त्यांनी हयातीत तुम्हाला सांगितलं होतं.

मी म्हटलं, मला त्यांनी असं काही सांगितलं नाही. तो म्हणाला, आठवून बघा, काकू.

मी म्हटलं, एका डागासाठी ते अख्खं पान पुन्हा उतरवून काढायचे. तो म्हणाला, माणूसच होते ना.

कागद ठेवून गेला. परवा येतो म्हणाला. पेढे कंदी आहेत.

२१ मार्च

आज कामाला हात लागला नाही.

आबासाहेबांनी पहिला फॉर्म भरला ते साल आणि ह्यांच्या नोकरीचं दुसरं वर्ष, एकच. आमचं लग्न त्याच्या पुढच्या साली. उभं राहायला पंचवीस पूर्ण लागतात. आबासाहेब तेव्हा तेवीसचे होते. म्हणजे ते दोनदा नापास झालेले नव्हते.

झेरॉक्स खिडकीपाशी नेऊन पाहिली. उभ्या जन्मात ह्यांची ही एवढीच खाडाखोड. आकडा थरथरलाय. शाई फाकलीय. टीपकागदही नीट धरला नव्हता. चुकून केलेलं असं नसतं. हे कुणी तरी शेजारी उभं राहून करून घेतलेलं आहे.

मुलीला, ज्ञानेश्वरीला, पुण्याला फोन केला. ती म्हणाली, आई, सही करू नकोस. बाबांनी केलं ते मैत्रीसाठी केलं, आणि आता ते मित्रच त्यांच्यावर ढकलतायत. मी म्हटलं, ढकलत नाहीत, फक्त चूक म्हणतायत. चूक आणि गुन्हा यात फरक आहे. ती म्हणाली, आई, तुला गॅलरी दिसतेय. मी म्हटलं, तुझ्या बाबांना दिसत होती. तिनं फोन ठेवला. नेटवर्क गेलं असेल.

लंकाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, नाव सत्यशीला, आन सही खोट्यावर करनार व्हय?

मी म्हटलं, तिकीटच मिळालं नाही तर आठवी टर्म कशी होणार? आणि आठवी टर्म नाही तर छत्तीस वर्षं क्लार्की करून ह्यांनी काय मिळवलं? ती म्हणाली, बाई, त्येंनी तुमाला मिळवलं. आन मला शेजार मिळाला, शिळ्या पेपरातली पानं मिळाली भाकरी गुंडाळाया.

ती असंच बोलते.

२२ मार्च

शेवगावला तहसीलसमोर वकिलाच्या टेबलावर सही केली. अंगठा नाही, सही. रविराज म्हणाला, वा काकू, अक्षर सुंदर आहे. म्हटलं, ह्यांनी शिकवलं.

त्यालाच विचारलं की हा कागद कुठं जाणार. म्हणाला, फक्त पक्षाच्या कमिटीला दाखवायला. चार माणसं बघणार, पाचवं नाही. गॅलरीत ह्यांचा फोटो नेता येईल का, हेही विचारलं. नाही म्हणाला, पिशवीसुद्धा नेता येत नाही. मग ह्यांचा पेन? पेनही बाहेर. हरकत नाही. रिकाम्या हातानं बसेन.

‘चूक’ हा शब्द कागदावर फार लहान दिसतो.

मिश्री मोजली नाही.

३ एप्रिल

तिकीट मिळालं! आबासाहेब, वय चौऱ्याहत्तर. गावात फटाके.

माझ्या यादीत शहात्तर खोडून चौऱ्याहत्तर केलं. माझीही खाडाखोड झाली, पण ही दुरुस्ती आहे.

वाचनालयाच्या दहाव्या पायरीपर्यंत.

११ एप्रिल

पाचवं माणूस निघालं. पेपरात पहिल्या पानावर माझं प्रतिज्ञापत्र, सहीसकट. मथळा: ‘मयत लिपिकाचा प्रताप’. विरोधी उमेदवार म्हणतात की आबासाहेब चौऱ्याहत्तरचे असतील, तर पहिल्या निवडणुकीला तेवीसचे होते. मग ती निवडणूक फसवणूक. नाहीतर आत्ताचं वय फसवणूक. दोन्हीतलं एक निवडा.

प्रताप. ह्यांच्या नावापुढं हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. लग्नातसुद्धा कुणी ‘चिरंजीव’च्या पलीकडं काही लावलं नव्हतं.

पेपर पालथा घालून ठेवला.

१२ एप्रिल

आबासाहेब आज खुलासा करतील. त्यांना सगळं माहीत आहे. रजिस्टरपाशी तेच उभे होते.

१३ एप्रिल, संध्याकाळ

खुलासा केला. टीव्हीवर. म्हणाले, मी तेव्हा पोरसवदा होतो, कागदपत्रातलं मला काय कळतं. त्या क्लार्कनं परस्पर काय लिहिलं त्याला मी जबाबदार नाही. शाळांमधून असले लोक असायचे.

असले लोक.

पण पुढचं वाक्य बहुतेक ह्यांच्याबद्दल चांगलं असणार. तेवढ्यात जाहिरात लागली.

१७ एप्रिल

प्रचाराचं पत्रक दारात टाकून गेले. रंगीत आहे, कागद जाड. जीवनपट वाचला. सुरुवात दुसऱ्या निवडणुकीपासून. खाली मोठ्या अक्षरात: ‘सहा वेळा आपण निवडून दिलंत, सातव्यांदा द्या!’

छापखान्याची चूक, असं आधी वाटलं. रविराजला फोन लावला. अकराव्यांदा उचलला. म्हणाला, काकू, साहेबांनी पहिली टर्म सोडली, दिल्लीलाही तसं लिहून दिलंय. त्या वेळचं वय अडचणीचं ठरतं ना. सहा वेळा म्हटलं की विषयच मिटतो.

मी म्हटलं, अरे बाबा, निवडून आले तर ही आठवी. तो म्हणाला, काकू, आता सातवीच म्हणायची. आणि काकू, जरा या नंबरवर कमी फोन करत जा.

१८ एप्रिल

वही घेऊन बसले. सकाळपासून तीनदा मांडून पाहिलं.

पहिलं होतं: टर्म आठ, वय शहात्तर. वकील: टर्म सात, वय पंच्याहत्तर. आबासाहेब दोन्हीकडून पुढे.

आता: टर्म सात, वय चौऱ्याहत्तर. वकील: टर्म सात, वय पंच्याहत्तर. टर्मची बरोबरी. वयानं मोठे वकील.

एका सहीनं एक टर्म गेली आणि दोन वर्षंही गेली. खुर्ची दोन्ही बाजूंनी गेली. आणि सही माझी.

लंकाबाईला सांगितलं. तिला यादी कळत नाही, पण हे कळलं. म्हणाली, म्हंजी बाई, तुमी तुमच्याच हातानं तुमची खुर्ची उचलून बाहेर ठेवली की.

१९ एप्रिल

वकील निवडून येतीलच असं नाही. पूर्वेकडं वारं फिरलंय, असं वाचलं. शिवाय तब्येतही नाजूक असते या वयात. कुणाचं वाईट चिंतू नये. चिंतलं नाही, फक्त लिहिलं.

१३ मे

मतदान केलं. आबासाहेबांनाच. बटण दाबायला वेळ लागला म्हणून मागची बाई विचारायला लागली की मशीन बिघडलंय का. मशीन चांगलं आहे.

४ जून

आबासाहेब आले. सत्तावीसशे मतांनी. वकीलही आले. त्यांचं मताधिक्य सव्वा लाख.

तरी हंगामी अध्यक्षाची निवड अजून जाहीर नाही. कुणी सांगावं, रीतच बदलतील.

९ जून

शेवगावात सत्कार. मोरपंखी साडी नेसून गेले. आज नाही तर कधी? रांगेत दीड तास. आबासाहेबांनी हात जोडले, हसले आणि विचारलं, कोणतं गाव आपलं?

रविराजनं कानात काही सांगितलं. आबासाहेबांना आता कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्यानं म्हणाले, अच्छा, त्या क्लार्कच्या का! मग त्यालाच म्हणाले, अरे, पेपरवाले आहेत इथं, यांना पलीकडून नेऊन सोड.

पलीकडं मंडपाचं मागचं दार होतं. आचारी तिथं पुऱ्या तळत होते. त्यातला एक म्हणाला, बसा मावशी, गरम हाय. दोन खाल्ल्या.

एसटीत विचार केला. कॅमेऱ्यांचा उजेड थेट डोळ्यांवर होता त्यांच्या. सोळा वर्षांत माझा चेहराही बदलला. हे बरोबर असते तर लगेच ओळखलं असतं.

घरी आल्यावर साडीची घडी घातली. तेलाचा वास जात नाही.

२० जून

हंगामी अध्यक्ष: वकील. राष्ट्रपती भवनात त्यांना शपथ दिली. माणूस बरा वाटतो. हात कापत होता, पण कागद नीट धरला होता.

२४ जून

सकाळपासून टीव्हीपुढं. आधी मंत्री, मग राज्यं, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. महाराष्ट्र म्हणजे एम. उद्यावर गेलं. लंकाबाई शेंगा सोलायला येऊन बसली होती. दर माणसाला विचारायची, ह्यो त्योच का? दुपारी म्हणाली, ह्येंच्यात आपल्यासारखा म्हातारा कुनी दिसंना, समदे केस काळे करून बसल्यात.

कॅमेरा एकदा वरच्या गॅलरीवर गेला. माणसं होती. कोपऱ्यात शेजारी शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

कदाचित माणसं पाणी प्यायला गेली असतील.

२५ जून

आबासाहेबांनी शपथ घेतली. वकिलांपुढं उभं राहून, सत्तेचाळीस सेकंद. खाली पट्टी आली, उमेदवारी अर्जावरची: वय ७४, सातवी टर्म. मी पट्टीला सांगितलं, वय चौऱ्याहत्तर बरोबर आहे, पण टर्म आठवी आहे. ह्यांनी दिलेली टर्म ती. मोजा किंवा नका मोजू, झालेली आहे.

लंकाबाईनं सोललेल्या शेंगांचे मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

२८ जून

शाळेचा शिपाई दुपारी घरी आला. ह्यांचा फोटो शाळेच्या ऑफिसात लावलेला होता, खाली पितळी पट्टी, ‘आदर्श लिपिक’. तो पेपरात गुंडाळून आणून दिला. म्हणाला, मॅनेजमेंटनं काढायला सांगितला, प्रकरण झालंय ना. हेडमास्तर म्हणाले, बाईंना वाईट वाटू देऊ नको, म्हणून मी सायकलवर हळू आणला.

मॅनेजमेंट म्हणजे आबासाहेबांचीच संस्था. अध्यक्ष आबासाहेब. तिथं त्यांना कुणी वय विचारत नाही.

गुंडाळलेल्या पेपरात आबासाहेब शपथ घेताना होते. ते काढून फोटो पुसला. काच फुटली नव्हती. पितळी पट्टी मात्र काढून घेतलेली. खिळ्यांची दोन भोकं राहिली आहेत.

भिंतीवर एकच खिळा होता, आबासाहेबांच्या कॅलेंडरचा. कॅलेंडर उतरवलं. अजून सहा महिने शिल्लक होते त्यात. लंकाबाईनं भाकरीखाली घालायला नेलं.

२९ जून

यादीची वही काढली. शेवटच्या पानावर एक नोंद राहिली होती, ती केली.

नाव: अजिनाथ. जन्म: कागदावर एक जून, खरा शिमग्याचा. सेवा: छत्तीस वर्षं, सलग. खाडाखोड: एक, मित्रासाठी, हात कापत असताना. त्यानंतर शेवटपर्यंत त्याबद्दल कुणाजवळ एक शब्द नाही, बायकोजवळसुद्धा नाही.

माझ्या कागदावर लिहिलंय की त्यांनी मला सांगितलं होतं. दुसरी खाडाखोड ती.

ज्ञानेश्वरीला फोन केला. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, एवढंच म्हटलं. तिनं फोन ठेवला नाही. या वेळी नेटवर्क होतं. मग म्हणाली, शनिवारी येते.

३० जून

मिश्री लावली. गुडघे दुखतात, वाचनालयाची अकरावी पायरी राहिली. पेपर आला. मागच्या पानापासून वाचला. क्रिकेटमधलं मला काही कळत नाही, पण सगळं वाचलं.